धंद्याची किंमत



आज मला बोलायला उभे केले आहे ते मी विदुषी म्हणून नव्हे, तर धंदा विकलेली बाई म्हणून. आपल्यापैकी पुष्कळजणी पापड-मसाल्यांचे उद्योग चालवितात, तेव्हा माझी हकीकत ऐका.

अंधेरीस मरोळच्या बाजूला आमचा मसाल्याचा लहानसा कारखाना होता. यजमान गेल्यावर नऊ वर्षे मी तो चालविला. पुढे गुडघे कुरकुरू लागले, मुले परगावी, विकायचे ठरले. नेहमीच्या एका व्यापाऱ्याने यंत्रे व शिल्लक माल पाहून बारा लाख सांगितले. मी मान डोलावणारच होते, पण मुलुंडची माझी भाची सनदी लेखापाल आहे, ती म्हणाली, "मावशी, घेणाऱ्यानेच भाव सांगायचा आणि तू ऐकायचा? आधी मूल्यमापन करून घे."

फीचा आकडा ऐकून मला राग आला. साडी घेताना आपण चार दुकाने हिंडतो, पण तीस वर्षांच्या धंद्यासाठी पैसे मोजताना हात आखडतो!

मूल्यमापक आले. त्यांनी तीन वर्षांच्या वह्या मागितल्या आणि माझे कान लाल झाले. घरचा गॅस, पुतण्याचा फोन, सारे कारखान्याच्या खर्चात! ते त्यांनी नफ्यात परत मिळविले. उलट मी स्वतः कधी पगार घेतला नव्हता. माझ्या जागी व्यवस्थापक ठेवला तर काय द्यावे लागेल, तेवढे त्यांनी वजा केले. गाळा मी आमचाच समजत होते. तो पागडीचा निघाला, म्हणजे घरमालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावे होणे नाही. आकडा आणखी उतरला. मूल्यमापन म्हणजे किंमत वाढविणे, हा माझा गैरसमज तिथेच गेला.

पण बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतची आमची बांधलेली दुकाने, दरमहा न चुकता येणारी मागणी आणि आमचे नाव, यांचे व्यापाऱ्याने काहीच धरले नव्हते. यंत्रे जुनी होतात, नाव कमावत राहते. १९९३ साली पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले, तेव्हा विकली गेली ती मुख्यतः नावेच. त्यांतल्या एकट्या थम्स अपची वार्षिक विक्री २०२१ साली १ अब्ज डॉलरवर गेल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. चौहानांनी स्वस्तात दिले असे आज म्हणणे सोपे आहे; समोर केवढा बलाढ्य स्पर्धक उभा होता, हेही किमतीत धरावे लागते.

कोणाला बोलवावे, असे काहीजणींनी विचारले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या २४७ व्या कलमाखाली व २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत मूल्यमापक असतात. जमीन-इमारतींचे, यंत्रांचे आणि रोखे व आर्थिक मालमत्तेचे, असे त्यांचे तीन वर्ग आहेत. आपल्या घरगुती धंद्यावर ही सक्ती नाही, पण माणूस नोंदलेला असलेला बरा. फी आधी लेखी ठरवा. सौदा जमला तर इतके टक्के, असे म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. स्वतंत्र मूल्यमापकाला तसे घेण्यास नियमांतच मनाई आहे.

आमचा अहवाल सतरा ते वीस लाखांचा आला. तोच व्यापारी पुन्हा आला, सोळावर चढला, आणि अहवाल पाहायला मागू लागला. मी चहा दिला, अहवाल कपाटातच ठेवला. घरमालकाची संमती मिळविण्यात दोन महिने गेले, त्याचा वाटाही द्यावा लागला. सौदा अठराला झाला, आणि तीन महिने मसाल्याचे प्रमाण शिकवायला मीच जात होते.