दहातला एक

एखाद्या साथीत गावंच्या गावं ओस पडली किंवा निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला, की इंग्रजी वर्तमानपत्रांत 'डेसिमेट' हे क्रियापद हमखास भेटतं. आज त्याचा अर्थ पार वाताहत करणं. मुळात मात्र त्यात नेमका आकडा होता.

लॅटिनमध्ये 'डेसेम' म्हणजे दहा. संस्कृत 'दशन्' आणि आपलं 'दहा' त्याच्याच गोतावळ्यातले. त्यावरून 'डेसिमारे', म्हणजे दर दहांतला एक वेगळा काढणं.

वेगळा काढायचा तो मारण्यासाठी. रोमन सैन्यातली एखादी तुकडी भेदरून पळाली, तर सगळ्यांना देहदंड देणं सैन्याला परवडणारं नव्हतं. मग चिठ्ठ्या टाकून सुमारे दहावा हिस्सा निवडला जाई आणि त्या अभाग्यांना सोट्यांनी ठेचून मारलं जाई. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने ही शिक्षा बारकाईने नोंदवली आहे. वाचलेल्यांना शिध्यात गव्हाऐवजी जव मिळत, आणि मुक्काम छावणीच्या तटाबाहेर, उघड्यावर.

स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी रोमविरुद्ध बंड केलं तेव्हा रोमन सेनापती क्रॅससच्या हाताखालचा मुम्मियस हुकूम मोडून लढला आणि हरला. सैनिक शस्त्रं टाकून पळाले. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की सर्वांत आधी कच खाल्लेल्या 500 जणांचे क्रॅससने दहा-दहांचे 50 गट पाडले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठीने एकेकाला, साऱ्या फौजेसमोर, ठार केलं.

पुढे मध्ययुगात हेच क्रियापद चर्चच्या दशमांशासाठी वापरलं गेलं. 1655 मध्ये इंग्लंडचा शासक क्रॉमवेलने राजाच्या पक्षातल्या जमीनदारांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा कर बसवला, त्यालाही 'डेसिमेशन' म्हणत. त्याच शतकात शब्दाचा आकडा सैल होऊ लागला, आणि सरसकट संहाराला तो लागू झाला.

हे शुद्धिवाद्यांना खटकलं. 1870 मध्ये रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने या वापरावर कडाडून टीका केली. दहातला एक म्हणजे एकच, हा त्यांचा हिशेब बिनचूक आहे. पण या शिक्षेची जरब मेलेल्या एकापुरती कधीच नव्हती. पॉलिबियसनेच कारण दिलं आहे: चिठ्ठी कुणाच्या वाट्याला येईल हे ठाऊक नसल्यामुळे धास्ती दहाही जणांना सारखीच, आणि जव खाण्याची नामुष्कीही मागे राहिलेल्या सगळ्यांच्या वाट्याला.