पाहुणा चालतो, जावई चालेल का?

दोन समाज एकमेकांच्या किती जवळ आहेत हे सांगायला आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे: रोटी-बेटी व्यवहार. त्यात रोटी आधी येते आणि बेटी मागून, कारण एका पंगतीला बसणं त्यातल्या त्यात सोपं आणि सोयरीक जुळवणं अवघड. डिसेंबर 1967मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हा चित्रपट याच दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा आहे. नाव जेवणाचं आणि प्रश्न लग्नाचा. गोरी मुलगी, कृष्णवर्णीय मुलगा, एक संध्याकाळ आणि दोन्हीकडचे आईवडील, एवढ्या सामग्रीवर हा हसवणारा चित्रपट रचलेला आहे. इतका गंभीर विषय प्रेमाच्या विनोदी गोष्टीत घातल्यामुळे पातळ झाला, असं त्याच्याविषयी पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. द्वेष करणारा माणूस कुठल्याही नाटकात ओळखू येतो. स्वतःला न्यायी समजणाऱ्या माणसाचा संकोच मात्र विनोदाच्या उजेडातच नीट दिसतो, आणि या चित्रपटानं तो दाखवला.

गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतली आहे. तेवीस वर्षांची जोआना हवाईहून घरी येते ती डॉक्टर जॉन प्रेंटिसला सोबत घेऊनच. त्यांची ओळख अवघ्या दहा दिवसांची. जोआनाचे वडील मॅट ड्रेटन वर्तमानपत्राचे मालक आहेत, आयुष्यभर वर्णभेदाविरुद्ध उभे राहिलेले. मुलीला त्यांनी तेच शिकवलं आणि मुलीनं ते खरं मानलं. आता काळ पाहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी 12 जून 1967 रोजी एकमतानं रद्द केली, तोवर सोळा राज्यांत असं लग्न गुन्हा होता. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधलं प्रेम पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या आचारसंहितेचीच 1956पर्यंत मनाई होती. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या 1958च्या पाहणीत अशा लग्नाला मान्यता देणारे अमेरिकन शेकडा चारच निघाले. कॅलिफोर्नियातली बंदी मात्र तिथल्या न्यायालयानं 1948मध्येच उठवली होती. म्हणजे ड्रेटनांच्या घरात कायद्याची आडकाठी नाही आणि उघड द्वेषही नाही. अडसर उरतो तो फक्त मनातला. मॅट सेक्रेटरीला फोन करून जॉनची माहिती काढायला सांगतात. तिकडून त्याच्या पदव्या आणि मानसन्मान यांची यादीच येते, आणि नकाराला कारण शोधणाऱ्या बापाची पंचाईत होते. त्यांचे जुने स्नेही, एक कॅथलिक धर्मगुरू, ही पंचाईत पाहून मनापासून खूश होतात. प्रेक्षकही हसतो, आणि हसता हसता त्याला मॅटच्या जागी स्वतःची खुर्ची दिसू लागते.

पहिला आक्षेप नायकावरचा आहे, आणि तो वजनदार आहे. सिडनी पॉइटिए यांनी साकारलेला जॉन जागतिक आरोग्य संघटनेत काम करणारा नामांकित डॉक्टर आहे, शांत, सभ्य, निर्दोष. काळ्या माणसाला सून किंवा जावई व्हायचं तर आधी देवमाणूस व्हावं लागतं का? क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककारानं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पॉइटिए यांच्या अशा भूमिकांवर कडक टीका केली होती. अन्याय दूर करण्यासाठी पीडितानं गुणपत्रिका दाखवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे, हे मलाही मान्य आहे. पण या चित्रपटापुरता त्या निर्दोषपणाचा उपयोग वेगळा आहे. मुलगा कमी शिकलेला असता, कर्जात असता, उद्धट असता, तर बापानं नकार दिला असता आणि रंगाचा उल्लेखही न करता सुटला असता. इथे एकेक सबब काढून घेतली आहे. हातात रंग तेवढा उरतो. शिवाय जॉन मुलीच्या नकळत तिच्या आईवडिलांना सांगतो, की तुमची मनापासून संमती नसेल तर मी माघार घेईन. जोआनाला अंधारात ठेवणं मला खटकतं. तरीही या अटीमुळे मॅटची परीक्षा खरी होते. नाही म्हटलं तर जग त्यांना बोल लावणार नाही. गुप्त मतदानात माणूस जसा एकटा असतो, तसे ते एकटे उरतात.

दुसरा आक्षेप असा, की शेवटचं लांबलचक भाषण गोऱ्या बापाच्या तोंडी आहे. परवानगी तोच देतो. हे खरं आहे, आणि स्पेन्सर ट्रेसी यांनी आपल्या अखेरच्या भूमिकेत ते भाषण इतकं ताकदीनं केलं आहे की बाकीचे आवाज झाकले जातात. पण मॅटचं मन पालटतं कुणामुळे, तेही पाहायला हवं. बीया रिचर्ड्स यांनी साकारलेल्या जॉनच्या आईमुळे. म्हातारपणी पुरुषांना स्वतःचं तरुणपणचं प्रेम आठवेनासं होतं, असं ती मॅटना हळू आवाजात सुनावते. सगळ्या खटल्याला कलाटणी तिथे मिळते. विरोधही एका रंगाचा नाही. जॉनचे वडील, निवृत्त पोस्टमन, या लग्नाच्या विरुद्ध आहेत, आणि सर्वांत जास्त संतापते ती ड्रेटनांची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण टिली. भेदाची भिंत दोन्ही बाजूंच्या घरांत शिरलेली असते आणि ज्यांनी तिचा मार खाल्ला तेही तिला घाबरून सांभाळतात, हे चित्रपटाला कळलेलं आहे.

तिसरा आक्षेप वास्तवाचा. 1955मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला, तो एका गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या आंतरवर्णीय लग्न केलेल्या नवराबायकोला 1958मध्ये व्हर्जिनियात मध्यरात्री घरात शिरून अटक झाली, आणि पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर त्यांची कैद स्थगित झाली. असं असताना सुंदर दिवाणखान्यातली थट्टामस्करी काय कामाची? याला उत्तर एकच. 1967चा निकाल मिळवला तो रिचर्डसारख्या गवंड्यानं आणि मिल्ड्रेडसारख्या साध्या बाईनं. ते श्रेय चित्रपटाचं नव्हे. पण न्यायालय लग्नाचा दाखला मिळवून देऊ शकतं, सासरचा उंबरठा नाही. तो बदल घराघरांत, जेवणाच्या टेबलाशी व्हावा लागतो, आणि तिथपर्यंत पोचायला अशीच गोष्ट लागते जी घरच्यांनी एकत्र बसून पाहावी. 2021च्या गॅलप पाहणीत अशा लग्नांना मान्यता देणारे शेकडा चौऱ्याण्णव झाले होते. चारपासून तिथवरची वाट त्रेसष्ट वर्षांची होती.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि परिषदच रद्द झाल्यानं 1936मध्ये पुस्तकरूपानं काढलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं, की सहभोजनानं जात मोडत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह. रोटीवर थांबू नका, बेटीपर्यंत या, हाच त्याचा अर्थ. क्रेमर यांचा चित्रपट उलट्या क्रमानं तिथेच पोचतो. आधी बेटीचा प्रश्न सुटतो, मग रोटी वाढली जाते: मॅटचं भाषण संपतं, ते टिलीला जेवणाचं विचारतात आणि दोन्ही घरं टेबलाकडे वळतात. पण टिली वाढायलाच असते. तिच्यासाठी त्या टेबलाशी खुर्ची मांडलेली नाही. चित्रपट तिथे संपतो; त्यानं सुरू केलेलं काम मात्र त्या न मांडलेल्या खुर्चीपाशी अजून शिल्लक आहे.