स्टिरिओतून सराउंड: नवा आवाज येतो कुठून?

स्टिरिओ गाण्याच्या दोन वाहिन्यांमधून सॉफ्टवेअर सहा काढते, ती बेरीज-वजाबाकीने. दोन्हीकडे सारखा असलेला, बहुधा गायकाचा आवाज मधल्या स्पीकरला, खर्ज सबवूफरला. ऑडॅसिटीत उजवी वाहिनी उलटी करून डावीत मिसळली की सारखे ते कटते; उरलेली वाद्ये आणि घुमारा मागच्या स्पीकरला.

मोनो ध्वनिमुद्रणात मात्र ही वजाबाकी शून्य! १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’ची रंगीत आवृत्ती २००४ साली आली, तेव्हा वाद्यमेळ पुन्हा वाजवून घेतला, गायकांचे आवाज मूळचेच ठेवले. घरच्या कॅसेटवर टेपलेली आजीची आरतीही बहुतेक मोनोच. ती पुन्हा कोण म्हणणार? तेव्हा मूळ आवाज आधी वेव्ह फाईलमध्ये उतरवून वेगळा ठेवा आणि प्रयोग त्याच्या प्रतीवर करा.