गच्चीवरच्या गाद्या टिकवायच्या कशा?

(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे गच्चीवरच्या बाकांच्या गाद्या. हसू नका! मागच्या सर्वसाधारण सभेत "दर वर्षी कुजतात, काढूनच टाका" असा सूर निघाला होता. पण संध्याकाळी तिथे बसतं कोण? गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आपली ज्येष्ठ मंडळी. नुसत्या सिमेंटच्या बाकावर त्यांना दहा मिनिटंही बसवत नाही. गाद्या गेल्या की त्यांचं वर येणं बंद, म्हणजे चार माणसांशी बोलणंही बंद. म्हणून गाद्या हव्यातच.

मी तीस वर्षं सोफ्याची कव्हरं शिवली. त्या अनुभवावरून सांगते.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, तो ऑक्टोबरपर्यंत. चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त! साधा फोम ते पाणी स्पंजासारखा पितो. वरून वाळलेला दिसतो, आत ओलाच. बुरशी आणि वास तिथूनच सुरू होतो.

कापड वॉटरप्रूफ घेतलं तरी शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतंच. म्हणून पाणी अडवण्याइतकंच ते बाहेर काढणंही महत्त्वाचं. कव्हरच्या खालच्या बाजूला जाळीचं कापड लावायचं आणि चेन मागच्या बाजूला, वर झाकण देऊन. गादी भिजलीच तर आडवी पसरू नका, कडेवर उभी करा. पाणी खाली निथळतं. ओल्या गादीवर प्लास्टिक मात्र कधीच गुंडाळू नका. वाफ आत कोंडते आणि बुरशीचं फावतं.

रेक्झिन स्वस्त पडतं, पण उन्हात तडकतं. म्हणून उन्हाळ्यातही दुपारी गाद्यांवर कापड टाकावं.

मे अखेरीस कव्हरं धुऊन, गाद्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून सोसायटीच्या ऑफिसात फळीवर, भिंतीपासून सुट्या ठेवू. जिन्यात नको, ती वाट मोकळीच हवी. पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी दोन-तीन गाद्या वर न्यायच्या, उठताना खाली आणायच्या.

नेणार कोण? ज्येष्ठांना जिना चढताना ओझं नको. प्रत्येक विंगने एक-एक आठवडा वाटून घ्यावा. दाराशी वही ठेवली आहे. जाताना तरुण मंडळींनी नाव लिहून जावं, एवढीच विनंती.