पाऱ्याची वाफ आणि एक लहानसा आंकडा

एखादा पदार्थ विषारी आहे एवढें कळल्यानें त्याचें भय किती बाळगावें हें कळत नाहीं. विष बाटलींत बंद राहिलें तर शेजारीं बसणाऱ्याचें तें कांहीं बिघडवीत नाहीं. तें हवेंत किती मिसळतें आणि श्वासाबरोबर छातींत किती जातें, यावर पुष्कळसें अवलंबून असतें. यांतील पहिल्या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्र ज्या आंकड्यानें देतें, त्याला बाष्पदाब म्हणतात.

बंद भांड्यांत द्रव ठेवला म्हणजे त्याचे कांहीं कण वरच्या मोकळ्या जागेंत जातात व कांहीं परत येतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले कीं वाफेचें प्रमाण स्थिर होतें. त्या वेळीं वाफ भांड्याच्या भिंतींवर जो दाब देते, तोच बाष्पदाब. द्रव थेंबभर असो वा घागरभर, तो शिल्लक आहे तोंवर हा दाब तोच राहतो. उष्णतामान वाढलें कीं मात्र तो झपाट्यानें चढतो.

इंग्लंडमध्यें जॉन डाल्टन यानें १८०१ च्या सुमारास तो मोजण्याची एक सोपी रीत वापरली. वायुभारमापकाच्या नळींत पाऱ्याच्या वरच्या निर्वात जागेंत द्रवाचे थेंब सोडावयाचे. वाफ पारा जितका खालीं ढकलील, तितका तिचा दाब. २० अंश सेंटिग्रेडवर पाण्याची वाफ पारा सुमारें १७.५ मिलिमीटर खालीं आणते, तर ईथरची सुमारें ४४० मिलिमीटर. ईथरचें बूच उघडें राहिलें असतां सारी खोली दरवळते आणि दूरची ठिणगीही घात करूं शकते, त्याचें मूळ या मोठ्या आंकड्यांत आहे.

पण त्या नळींतील पाऱ्याचें स्वतःचें काय? त्याचा बाष्पदाब त्याच उष्णतामानावर मिलिमीटरच्या सुमारें आठशेंव्या भागाइतकाच आहे. ही वाफ डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं. नळींतील उंचीच्या फरकानें ती मोजतांही येत नाहीं. त्यासाठीं निराळी युक्ति हवी. कोपनहेगनच्या मार्टिन क्नुडसेननें १९०९ सालीं पाऱ्याची वाफ निर्वात जागेकडे सूक्ष्म छिद्रावाटे जाऊं दिली, आणि ठराविक वेळांत किती पारा निसटला यावरून दाब काढला. दुसऱ्या रीतींत कोरडा वायु पदार्थावरून अगदीं सावकाश नेतात व त्यानें बरोबर आणलेली वाफ पकडून तोलतात. वायूचा वेग बदलूनही उत्तर तेंच आलें, तरच वायु वाफेनें पुरता भरला होता असें मानतात. नमुन्यांत दुसरा उडून जाणारा पदार्थ किंवा विरघळलेली हवा राहिली असेल तर आंकडा फुगतो. म्हणून नमुना आधीं शुद्ध करून घ्यावा लागतो.

आतां हा क्षुल्लक दिसणारा आंकडा माणसाच्या श्वासाशीं ताडून पाहूं. २० अंशांवर पाऱ्याच्या वाफेनें पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेंत सुमारें १३ मिलिग्रॅम पारा असतो. युरोपीय संघानें आठ तासांच्या कामासाठीं घातलेली मर्यादा ०.०२ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे भरलेली हवा त्या मर्यादेच्या सहाशें पटींहून अधिक. ३० अंशांवर बाष्पदाब दुपटीहून जास्त होतो. शिवाय श्वासाबरोबर आंत गेलेल्या या वाफेपैकीं सुमारें ऐंशीं टक्के शरीर शोषून घेतें.

याची किंमत जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक याला मोजावी लागली. बोरॉन व सिलिकॉन यांच्या संयुगांवरील त्याच्या प्रयोगांना पाऱ्यानें भरलेलीं उपकरणें लागत. डोकेदुखी, भोंवळ व स्मृतिनाश यांनीं तो वर्षानुवर्षें गांजला होता, पण कारण कोणाच्याच ध्यानीं येत नव्हतें. अखेर प्रयोगशाळेच्या हवेंतच तें सांपडलें. १९२६ सालीं त्यानें स्वतःच्या दुखण्याची ही हकीकत छापून सहकाऱ्यांना सावध केलें.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें १९८१ सालीं रसायनांच्या परीक्षेसाठीं जे नियम घालून दिले, त्यांतील १०४ क्रमांकाचा नियम बाष्पदाब मोजण्याचाच आहे. अर्थात् हा आंकडा वरची मर्यादा सांगतो. वारा खेळत्या खोलींत हवा क्वचितच वाफेनें पुरती भरते. परंतु पारा जमिनीवर सांडून त्याच्या बारीक गोळ्या झाल्या कीं उघडा पृष्ठभाग वाढतो आणि बंद खोलींत ती मर्यादा लौकर जवळ येते.

म्हणून घरांतील जुना तापमापक फुटला तर मुलांना बाहेर न्यावें, खिडक्या उघडाव्या आणि केरसुणी मुळींच लावूं नये. तिनें गोळ्या अधिकच फुटतात व पसरतात. ताठ कागदानें त्या एकत्र करून घट्ट झांकणाच्या बाटलींत भराव्या, आणि फरशीच्या फटी दिव्याच्या तिरप्या प्रकाशांत नीट तपासाव्या. फटींत राहिलेला एक थेंबही पुढें महिनोन् महिने वाफ देत राहतो.