कानात सांगायचा आजार

(खान्देशातील सावदा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय 'उन्हाळा आणि त्वचेचे आरोग्य' असा छापला आहे. मी कळवला होता तो 'जांघेतले गजकर्ण'. संयोजकांना दोष देत नाही. पत्रिका घरोघर जाते, वडीलधारे वाचतात, सुना-लेकी वाचतात. पण मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे या बदलातच आले. हा आजार होतो बुरशीने, आणि मुक्काम करतो तो आपल्या लाजेमुळे.

आधी बुरशीचे बघू. गजकर्णाची बुरशी मांसात शिरत नाही, रक्तात जात नाही. कातडीचा अगदी वरचा मेलेला थर, केस आणि नखे एवढेच तिचे अन्न. शरीराच्या आतली ऊब तिला मानवत नाही, तीस अंशांच्या आसपासची ओलसर जागा मानवते. मांडी आणि ओटीपोट जिथे घासतात तिथे तिला सगळे आयते मिळते: घाम, अंधार, घर्षण. मग लालसर चट्टा उठतो. त्याची कड उंच आणि खवल्यांची, मध्यभाग निवळलेला. कड दररोज थोडी पुढे सरकते आणि रात्री खाजेने झोप लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, अशा कोरड्या भट्टीत बुरशी कशी टिकेल? उघड्यावर नाहीच टिकत. पण केळीच्या बागेत शिरून पाहा. वर पानांचे छत, खाली ठिबकने भिजलेली जमीन, वारा नाही. तिथे घड कापणारा आणि खांद्यावर वाहणारा माणूस सकाळपासून घामाने निथळत असतो. चिकाचे डाग जात नाहीत म्हणून कापणीची एक जुनी पँट वेगळी ठेवलेली असते, आणि ती रोज धुतली जातेच असे नाही. केळीचा ट्रक उत्तरेला नेणारा चालक तापलेल्या इंजिनाशेजारी रेक्झिनच्या सीटवर तासन् तास बसतो. कॉलेजच्या पोरांना घट्ट जीन्स हवी. बायकांच्या परकराची नाडी जिथे करकचून बसते तिथे कमरेभोवती पट्टाच उठतो. शेतकरी, हमाल, विद्यार्थी, गृहिणी, कोणीही सुटलेले नाही. इंग्रजांच्या काळात गोऱ्या सैनिकांना हीच खाज सुटली की ते धोब्याला दोष देत. बिचाऱ्या धोब्याचा काय दोष? ओल्या गणवेशाखाली त्यांची कातडी दिवसभर शिजत होती.

आता लाजेचे. माणूस पहिला महिना कोणाला सांगत नाही. बायको नवऱ्याला सांगत नाही, मुलगा आईला सांगत नाही. असह्य झाले की संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, औषधाच्या दुकानात जाऊन हळूच म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." दुकानदारही विचारत नाही कुठे, किती दिवस. पुष्कळदा हातात येते ते मिश्र मलम: एक बुरशीचे औषध, एक जंतूंचे, आणि तिसरे क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन नावाचे जहाल स्टेरॉइड.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण खान्देशात काय आणि मुंबईत काय, माझ्या मते सगळी गोम इथे आहे. स्टेरॉइड लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो आणि तीच ट्यूब शेजाऱ्यालाही सांगतो. प्रत्यक्षात काय झाले? लाली आणि खाज ही आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध केलेली झुंज होती. शेताच्या राखणदाराला झोपेची गोळी द्यावी आणि रात्री आरडाओरडा झाला नाही म्हणून निश्चिंत व्हावे, तसे हे झाले. बुरशी तशीच पसरत राहते. ट्यूब बंद केली की खाज दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा ट्यूब. वर्षभर हे चालले की चट्ट्यांची नेहमीची गोल कड हरवते, चक्रात चक्रे उठतात, आणि नुसत्या डोळ्यांनी बघून डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते, तिला पांढुरके चरे पडतात. बुरशी बरी करता येते, ते चरे जन्मभर राहतात. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर ते पाहिले की मला फार वाईट वाटते, आणि रागही येतो.

कायदा नाही असे नाही. पोटात घ्यायची स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय देता येत नव्हती, पण मलमांना पळवाट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडयुक्त मलमे अनुसूची 'एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत, आली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशी काही मलमेही होती. पण माणूस जोवर कुजबुजत मागतो आहे, तोवर कोणी ना कोणी देतोच.

याचा परिणाम आता जगाच्या नकाशावर दिसतो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्णाची एक हट्टी जात पसरली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिचे नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यातल्या 'इंडो'मध्ये आपला देश आहे, आणि हा मान मला मुळीच नको होता. टर्बिनाफाइन हे आमचे भरवशाचे औषध तिच्यावर पुष्कळदा लागू पडत नाही. २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेने न्यूयॉर्कमधले असे दोन रुग्ण जाहीर केले. त्यांतली एक बाई अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती.

मग उपचार काय? पहिली गोष्ट, दाखवणे. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर कॉस्टिक पोटॅशच्या थेंबात ठेवले की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. ही तपासणी दुखत नाही, फार वेळ घेत नाही. आणि ती लागते, कारण जांघेतले सगळेच गजकर्ण नसते. काही वेळा तो जिवाणूंचा तांबूस-तपकिरी डाग असतो, काही वेळा सोरायसिस, काही वेळा मधुमेहातली कॅन्डिडा ही वेगळी बुरशी.

दुसरी गोष्ट, धीर. नुसते बुरशीचे मलम, ज्यात स्टेरॉइड नाही असे, चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे. खाज थांबली म्हणून थांबायचे नाही. डाग गेल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचे. जुने, पसरलेले असेल तर पोटातून औषध लागते, आणि ते आठवड्यांच्या हिशेबात चालते. इट्राकोनॅझोल हे असेच एक औषध; त्याची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आम्लपित्ताच्या गोळीसोबत नाही. हृदय कमजोर असलेल्याने, गरोदर बाईने ती स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

मघाशी तुमच्याकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या होत्या. नाव कोणीच लिहिलेले नाही, ते अपेक्षितच होते. पहिली: "टाकळ्याचा पाला चोळला तर चालेल का?" टाकळा आयुर्वेदात गजकर्णावर सांगितला आहे हे खरे. पण जांघेतल्या नाजूक जागी पाला, लिंबू, रॉकेल चोळून भाजलेले लोक मी पाहतो. नको.

दुसरी: "माझे बरे होते आणि पुन्हा येते." घरात आणखी कोणाला खाज आहे का, विचारा. टॉवेल एक आहे का? पायाच्या बोटांच्या बेचक्यात भेगा, साल निघणे आहे का? बुरशी तिथून चड्डी घालताना वर येते, म्हणून आधी मोजे घाला, मग चड्डी. सगळ्या घराने एकाच वेळी उपचार घ्या. कपडे गरम पाण्यात धुवा. साखर तपासून घ्या.

तिसरी चिठ्ठी बाईच्या अक्षरातली वाटते. "आतले कपडे दोरीवर उघडे टाकता येत नाहीत, ओलसर राहतात, काय करू?" ताई, आजचा सर्वांत चांगला प्रश्न हा. साडीखाली, खोलीतल्या दांडीवर लपवून वाळवलेला कपडा दुसऱ्या दिवशीही दमट असतो आणि बुरशीला तेच हवे असते. गच्ची असेल तर गच्चीवर, कपडा उलटा करून, सावद्याच्या या उन्हात टाका. गच्ची नसेल तर घालण्यापूर्वी आतून गरम इस्त्री फिरवा, शिवणीवर जास्त वेळ. आणि घरातल्या पुरुषांनी ती दोरी बघून नाक मुरडू नये, एवढे मी त्यांनाही सांगून ठेवतो.