डी ची गोळी आणि साखरेची तपासणी

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी डॉक्टर नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. मग बायकांच्या आजारावर हा काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय! कारण घरचंच आहे. माझ्या बायकोला पीसीओएस आहे. हे भाषण तिने आधी वाचलंय आणि दोन ठिकाणी खोडलंयही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो. म्हणजे आपल्या हळदीकुंकवाला शंभर जणी आल्या, तर त्यात दहा-बारा जणी. पण बोलतं कोण? बोललंच तर घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "डी कमी असेल, गोळ्या घे." दुसरं, "तिच्या माहेरचंच असणार." आज या दोन वाक्यांबद्दलच बोलायचंय.

आधी आजार थोडक्यात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष अंडाशयावर. पण बऱ्याच जणींच्या बाबतीत शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, हा त्यातला मोठा भाग आहे. मग शरीर जास्त इन्शुलिन बनवतं, ते इन्शुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. त्यातून पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात, आणि पुढे टाइप २ डायबेटिसचा धोका वाढतो. अगदी बारीक मुलींनाही.

आता डी. आपण राहतो ब्रिटनमध्ये. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेला डी बनवण्याइतके अतिनील किरणच नसतात. त्यात आपली सावळी कातडी. म्हणून इथली आरोग्यसेवा सगळ्यांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्या म्हणते, आणि दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सुचवते. तेवढं जरूर घ्या. हाडांना आणि स्नायूंना ते लागतंच.

पण त्याने पीसीओएस बरा होतो का? पीसीओएस असलेल्या अनेकींचं डी कमी सापडतं हे खरं. मात्र डी चरबीत विरघळतं. वजन जास्त असलं की रक्तातली पातळी तशीही कमी दिसते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही, हे आमच्या धंद्यात रोज शिकायला मिळतं. पीसीओएसवरच्या छोट्या चाचण्यांत कुठे थोडा फायदा दिसतो, कुठे दिसत नाही. डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ मध्ये आला. रोज ४,००० युनिट डी घेऊनही डायबेटिस टळण्यात ठोस फरक दिसला नाही.

दोन सूचना, खास आपल्यासाठी. भारतातला रिपोर्ट नॅनोग्रॅममध्ये असतो, इथला नॅनोमोलमध्ये. तिथल्या आकड्याला अडीचने गुणा. पुण्याचे १८ आणि इथले ४५ हे एकच! "इथे येऊन डी वाढलं" म्हणून खूष होऊ नका. दुसरं, सुटीवरून येताना बॅगेतून आणलेली साठ हजार युनिटची पाकिटं. दर आठवड्याला एक म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ हजार युनिट. इथली मोठ्यांसाठीची मर्यादा ४,००० आहे. डॉक्टर ती ठराविक आठवड्यांसाठी देतात, तेव्हा ठीक. पण मनाने महिनोन् महिने चालू ठेवली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आता "माहेरचं". पीसीओएस घराण्यात चालतो हे खरं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या २००६ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला. पण एक असं जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो. डी च्या रिसेप्टरच्या जनुकातले बारीक फरकही देशोदेशी तपासले गेले. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जुळत नाही. तेव्हा त्यासाठी जनुकांची महागडी तपासणी करून काही हाती लागणार नाही. आणि ही जनुकं वडिलांकडूनही येतात, बरं का! यूके बायोबँकमधल्या पुरुषांच्या माहितीत असं दिसलं, की ज्यांच्यात पीसीओएसची जनुकीय जोखीम जास्त, त्यांच्यात लठ्ठपणा, टाइप २ डायबेटिस आणि टक्कल यांचं प्रमाणही जास्त. तेव्हा सुनेच्या माहेराची चौकशी करताना मुलीच्या बाबांचं टक्कल आणि आजोबांची साखरही आठवा. दोष मात्र कुणालाच देऊ नका. जनुकं कुणी निवडून घेत नाही.

मग करायचं काय? २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. निदान झालं की वय आणि वजन काहीही असो, साखर तपासायची. ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी त्यासाठी सर्वांत अचूक. पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा. सोबत कोलेस्टेरॉल आणि ब्लड प्रेशर. नैराश्य आणि चिंता यांचीही विचारपूस व्हायला हवी, कारण ती या आजारात जास्त आढळते. वजन मोजताना लक्षात ठेवा, दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच धोका वाढलेला धरतात. बाकी व्यायाम, झेपेल असा आहार, आणि लागलं तर मेटफॉर्मिनसारखी औषधं. ती डॉक्टर ठरवतील.

माझ्या बायकोचं डी गोळ्यांनी तीन महिन्यांत वर आलं. पाळी मात्र जागची हलली नाही. साखरेची तपासणी तिने स्वतः मागून घेतली, तेव्हा ती सीमेवर निघाली. आता आम्ही दोघं रात्री जेवून चालायला जातो. पावसातसुद्धा. मलाही त्याची गरज होतीच, माझ्या बाबांना डायबेटिस आहे.

इथल्या पुरुषांना एवढंच सांगेन, तपासणीच्या दिवशी अर्धी रजा काढा. ग्लुकोज पिऊन दोन तास बसायचं असतं, सोबत कुणी असलं की बरं वाटतं.

फराळ खा, पण मोजून!